बिनधुराची गाडी

पोलिसाच्या नोकरीत इतकी मेलेली माणसं पाहावी लागतात की पुढे त्यांचे चेहरे एकमेकांत मिसळून जातात. या माणसाचा चेहरा मात्र कुणातच मिसळला नाही, कारण तो मेलेल्या माणसाचा वाटतच नव्हता. गालांवर लाली होती. चालून चालून दमलेला माणूस बसल्या जागी डुलकी घेतो तसा तो गाडीतल्या बाकावर काचेला डोकं टेकून बसला होता. शेजाऱ्यांनी नाडी पाहिली होती आणि घाबरून त्याला तसंच राहू दिलं होतं, हे त्यांनी बरं केलं.

मी तेव्हा उज्जैनमधल्या एका ठाण्याचा टी.आय., म्हणजे नगर निरीक्षक होतो. आमचं घराणं चार पिढ्या इथलंच, त्यामुळे घरात मराठी आणि ठाण्यात हिंदी असा कारभार. देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. रोज कुणीतरी काहीतरी नवीन काढत होतं, आणि नवीन म्हटलं की लोक आधी टाळ्या वाजवायचे, मग विचारायचे की हे आहे काय. एकीकडे जुन्या गिरण्या बंद पडत होत्या. मेलेला माणूस अशाच एका बंद पडलेल्या गिरणीतला होता. माधव नगरात दोन भावांचं एकत्र घर. थोरला हा. धाकटा तंत्रविद्यालयात शिकवायचा, ती नोकरी सोडून तो गाडी बनवत होता, आणि बेकार झालेला थोरला त्याला मदत करत होता.

या गाडीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जुन्या टेम्पोच्या सांगाड्यावर धाकट्याने बॅटऱ्या आणि विजेची मोटर बसवली होती. मागे समोरासमोर बाकं असलेली बंदिस्त केबिन होती, पक्क्या काचांची आणि मागून एक दार असलेली. बॅटरीची गाडी तेव्हाही अगदीच अजब नव्हती. अजब होता धाकट्याचा दावा. चाकं फिरली की जनरेटर फिरतो, जनरेटर फिरला की बॅटऱ्या भरतात, आणि बॅटऱ्या भरल्या की चाकं फिरतात. म्हणजे पेट्रोल नको, धूर नको, विजेचं बिलही नको. बाकाखाली पत्र्याची एक पेटी होती, तिला लाखेचं सील होतं, आणि पेटंट मिळेपर्यंत ती कुणालाही दाखवायची नाही असा नियम होता. गाडी चालू असली की पेटीतून घरघर ऐकू यायची. लोक कौतुकाने म्हणायचे, बघा, जनरेटर फिरतोय! संक्रांतीला देवास गेटच्या बस स्टँडवरून यात्रेकरूंना बसवून गाडी नदीवरच्या राम घाटावर नेऊन दाखवायची, असं ठरलं होतं. एक पुढारी झेंडी दाखवणार होते आणि इंदूरहून व्यापारी बघायला येणार होते.

संक्रांत जवळ आली आणि गॅरेजमध्ये थोरला मेलेला सापडला.

गॅरेजच्या दाराला आतून कडी होती. धाकट्याने शेजारच्या दोघांना बोलावून दार तोडलं होतं. आत मी स्वतः पंचनामा केला. चिठ्ठी नव्हती, बाटली नव्हती, दोर नव्हता, अंगावर ओरखडाही नव्हता. थंडीचे दिवस म्हणून मी शेगडी शोधली, तीही नव्हती. केबिनमध्ये महाकालाची तसबीर होती, तिच्यापुढे धुपाटणं, आणि खोलीभर धुपाचा दाट वास. धाकटा कोपऱ्यात भिंतीवर डोकं आपटून रडत होता. ते रडणं खरं होतं. खोटं रडणारा माणूस मधूनमधून तुमच्याकडे बघतो, हा एकदाही बघत नव्हता.

माझे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना आम्ही हेडसाहेब म्हणायचो, बाहेर चौकशी करून आले. "साब, मिल बंद हुई तब से आदमी गुमसुम था. अंदर से कुंडी. मोहल्ले में सब यही बोल रहे हैं के जान दे दी."

अचानक झालेल्या मृत्यूची नोंद आमच्याकडे मर्ग म्हणून होते. मी मर्ग दाखल केला आणि प्रेत तपासणीला पाठवलं. डॉक्टर जुने, अनुभवी होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"टी.आय. साहब, लिखूँगा तो विसेरा की रिपोर्ट के बाद ही. लेकिन रंग देखा आपने? मुझे तो सिगड़ी वाला केस लगता है."

शेगडीचे मृत्यू मला ठाऊक होते. माळव्यातल्या थंडीत दर साली एखादं कुटुंब कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतं आणि सकाळी उठत नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस पेंगतो आणि जातो, चेहऱ्यावर मात्र तीच लाली राहते. पण इथे शेगडी नव्हती. खोलीत होती फक्त एक गाडी, आणि तिला धूर नाही म्हणून तर सगळं शहर तिच्या नावाने नाचत होतं. धूर नसलेल्या खोलीत माणूस धुराने मेला कसा?

लेखी कारण हाती नव्हतं. विसेराचा, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा, अहवाल यायला महिने लागतात. चक्रतीर्थावर अंत्यसंस्कार झाले आणि आत्महत्येची बातमी वस्तीत पक्की झाली. मला खटकलं ते हे, की धाकटा ती बातमी खोडत नव्हता. भेटायला येणाऱ्यांना तो मान खाली घालून म्हणायचा, "दादा फार मनाला लावून घ्यायचे." सख्खा भाऊच असं म्हणतो म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं होतं?

दोन-तीन दिवसांनी थोरल्याची बायको ठाण्यात आली. प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई. सुतकात घराबाहेर पडली म्हणजे घरच्यांशी भांडूनच आली असणार. मी खुर्ची पुढे केली.

"नको साहेब, सुतक आहे. तुमची कुर्सी बाटेल."

"ठाण्याला सुतक नसतं. बसा."

त्या बसल्या. थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, मग एकदम बोलल्या. "ह्यांनी जीव दिला नाही, साहेब. मिल बंद झाली त्या दिवशी देखील हे घरी येऊन पोटभर जेवले होते. म्हणाले, दोन हात शाबूत आहेत ना, मग कशाला घबरायचं. असा माणूस जीव देईल का?"

"मग काय झालं असेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय कळणार? पण माझी मुलगी कॉलेजात आहे. आत्ताच बायका तिच्याकडे बघून कुजबुजतात. उद्या सासरी कोणी म्हणेल, हिच्या बापाने जीव दिला, हिच्या रक्तातच आहे. ती जन्मभर हे ऐकून घेईल? आणि ह्यांनी केलंच नाही त्याचं नाव ह्यांच्यावर का? भाऊजी ऐकतात आणि गप्प बसतात. मला त्यांचा राग येतो, साहेब. पोटच्या पोरासारखं वागवलं ह्यांनी त्यांना."

असे प्रसंग ठाण्यात नेहमीचे. नवऱ्याने आत्महत्या केली हे कुठल्याच बायकोला पटत नाही. मी सवयीने विचारलं, की शेवटच्या दिवसांत काही वेगळं जाणवलं का.

"डोकं दुखायचं. गाडीच्या कामावरून आले की येऊन पडायचे. एकदा तर उलटी पण झाली. भाऊजी म्हणाले, पित्त आहे, सुंठ घ्या."

"रोज दुखायचं?"

त्या आठवू लागल्या. "नाही... ज्या दिवशी गाडीचं काम नसायचं त्या दिवशी ठीक असायचे."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. मी त्यांना कसलंच आश्वासन दिलं नाही. पोलिसाने आश्वासन द्यायचं नसतं, ते पाळण्याची ताकद दुसऱ्याच्या हातात असते. एवढंच म्हणालो, "मर्ग मी अजून बंद केलेला नाही."

दुसऱ्या दिवशी हेडसाहेबांना घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सुतकातलं मराठी घर जसं असतं तसंच होतं. चूल थंड, जेवण शेजारून आलेलं, देव्हाऱ्यावर पडदा. देव पारोसे. आमच्या लोकांत माणूस एरवी कितीही सुधारलेला असो, सुतक तो पाळतो, आणि विसरलाच तर घरातल्या बायका विसरू देत नाहीत. दिवा नाही, गंध नाही, उदबत्ती नाही.

मग मी गॅरेज उघडायला लावलं. थोरल्याची बायको मागोमाग येऊन दाराशी उभी राहिली. केबिनचं दार उघडताच धुपाचा वास आला. वास जुना असू शकतो, म्हणून मी धुपाटण्यात बोट घातलं. राख कोमट होती.

"धूप कुणी लावला?" मी धाकट्याला विचारलं.

"गाडीचा देव आहे साहेब. रोज लावतो." हे तो सहज बोलून गेला.

"सुतकात?"

त्याचा चेहरा उतरला. मी असे पुष्कळ चेहरे पाहिले आहेत. बावळटपणा पकडला गेला की माणूस ओशाळतो, गुपित पकडलं गेलं की तो शब्द मोजायला लागतो. हा मोजत होता.

"म्हणजे... मी नाही लावला. ड्रायव्हरने लावला असेल."

"ड्रायव्हर कोण?"

गाडी थोरलाच चालवणार होता, हे मोहल्ल्यातल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

बाहेर आल्यावर हेडसाहेब म्हणाले, "साब, सूतक में भगवान को तो हमारे यहाँ भी हाथ नहीं लगाते. ये धूप किसके लिए जला रहा है?"

नेमका हाच प्रश्न होता. घरातल्या देवांना जो दिवा लावत नाही तो गाडीतल्या तसबिरीला धूप कशाला लावेल? देवासाठी लावलेला नव्हता तर तो वासासाठीच होता. दुसरा कुठला तरी वास झाकण्यासाठी. उज्जैनसारख्या गावात गाडीत धूप का जळतो असं कुणी विचारत नाही, हे हेरून त्याने तो लावला होता. फक्त घरात मृत्यू होईल हे त्याने हेरलं नव्हतं.

आता कुणीही म्हणेल, मग पेटी फोडून का नाही पाहिली? माझे हात शिवशिवत होतेच. मी वरिष्ठांना भेटलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धूप जल रहा था, इस पर सील तोड़ोगे? कल को पेटंट का हर्जाना माँगेगा, कोर्ट में खड़े रहोगे? पूछताछ करो, मगर बिना सबूत हाथ मत लगाना." त्यांच्या जागी मीही बहुधा हेच म्हणालो असतो. कायद्याच्या हिशेबाने माझ्या हातात एका डॉक्टरचा तोंडी अंदाज, एका विधवेचं बोलणं आणि चिमूटभर राख होती.

मी धाकट्याला ठाण्यात बोलावलं. दरडावलं नाही, चहा मागवला. शिकलेल्या माणसाला दरडावलं तर तो वकील आठवतो, विषय त्याच्या आवडीचा काढला तर स्वतःच बोलत सुटतो. मी गाडीचं विचारलं. तासभर तो गिअर, चुंबक आणि तारांची वेटोळी समजावत होता. डोळे लकाकत होते. मध्येच मी म्हणालो, "मी कॉलेजात सायकलने जायचो. डायनामो टायरला लावला की पायडल जड व्हायचं. दिवा फुकट लागत नसे, मांड्यांतून वसूल व्हायचा. तुमच्या गाडीत जनरेटर फिरवायचं ओझं कुणावर?"

"चाकांवर."

"चाकं कोण फिरवतं?"

"बॅटरी."

"आणि बॅटरी भरतो जनरेटर. म्हणजे बॅटरी स्वतःलाच भरते, आणि वर दहा माणसं राम घाटावर पोचवते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार हो?"

तो हसला. "साहेब, विज्ञान म्हणींवर चालत नाही."

उत्तर चोख होतं, पण हसू उशिरा आलं. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की इतक्या वेळात त्याने मला एक प्रश्न विचारलेला नाही. ज्यांच्या घरात असा गूढ मृत्यू होतो ती माणसं पोलिसाला भंडावून सोडतात. काय निघालं, डॉक्टर काय म्हणाले, कशाने गेला, हेच विचारत राहतात. या माणसाने भाऊ कशाने मेला हे एकदाही विचारलं नव्हतं. ज्याला उत्तर ठाऊक असतं तोच प्रश्न विचारत नाही.

"दादा कशाने गेले असतील?" मीच विचारलं.

पेला त्याच्या ओठांपाशी थांबला. डोळे भरून आले. "त्यांनी... मनाला लावून घेतलं," तो म्हणाला. इतकं पाणी डोळ्यांत आणून इतकं खोटं बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. वरून फोन आला आणि मला त्याला सोडावं लागलं.

संक्रांतीच्या सकाळी मी देवास गेटवर बंदोबस्त लावून स्वतः उभा राहिलो. कडाक्याची थंडी होती. बस स्टँडवरून खेड्यापाड्यातली माणसं स्नानाला उतरत होती. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पहिल्या फेरीला गावाकडच्या बाया आणि म्हाताऱ्या निवडल्या होत्या, फुकट बसायला मिळतं म्हणून त्या खुशीत होत्या. थंडीपायी त्यांनी आत बसताच दार ओढून घेतलं. समोर झेंडी घेतलेले पुढारी, बाजूला सूटबूटातले इंदूरकर, आणि पुढच्या सीटवर धाकटा. सुतक असूनही आला होता. घरी त्यावरून काय झालं असेल याची मला कल्पना होती.

राम घाट फार लांब नाही, पण सणाच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने जाणार होती. त्या बंद डब्यात एकेक म्हातारी पेंगायला लागली तर बाकीच्यांना वाटेल, उबेने डोळा लागला. मी यापुढे विचार केला नाही. जाऊन दार उघडलं आणि सगळ्यांना खाली उतरवलं.

एकच गलका झाला. पुढाऱ्यांचा चेहरा लाल झाला. "टी.आय. साहब, त्योहार का दिन है! किसके ऑर्डर से?"

"सुरक्षा की जाँच है," मी म्हणालो. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि तेही फार वेळ टिकणार नव्हतं हे मला दिसत होतं. पुढारी वरिष्ठांना निरोप धाडायला माणूस शोधू लागले. म्हाताऱ्या माझ्यावर चिडल्या होत्या. एक तर मला शिव्या देत होती, आणि त्या शिव्या ऐकताना मला बरं वाटत होतं.

या गोंधळात गर्दीतून एक बाई पुढे आली. थोरल्याची बायको. मी तिला बोलावलं नव्हतं, आजही शपथेवर सांगतो. कुणाशी न बोलता ती मागच्या दाराने केबिनमध्ये चढली, दार ओढून आतून कडी लावली आणि बाकावर बसली. पुढच्या सीटच्या मागे एक छोटी सरकती काच होती. तिने ती ठोकली.

"भाऊजी, चालू करा."

धाकट्याने वळून पाहिलं आणि तो उठून उभाच राहायला गेला. डोकं छताला आपटलं. "वहिनी, तुम्ही कशाला... घरी चला."

"का? बाकीच्या बायका बसल्या होत्या तर मी का नको? चालू करा."

बाहेरगावच्या लोकांना वाटलं, घरची लक्ष्मी पहिला मान घेतेय. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यांनाही तोडगा सापडला, "हाँ हाँ, भाभीजी को लेकर एक चक्कर लगाओ, जाँच हो जाएगी!" त्यांनी स्वतःच हात लांब करून धाकट्यापुढचं बटण दाबलं. बाकाखाली घरघर सुरू झाली.

मी हेडसाहेबांना खूण केली. ते लाठी घेऊन काचेपाशी उभे राहिले. दोनचार मिनिटांत माणूस मरत नाही हे मला माहीत होतं, तरी मी मनात आकडे मोजत होतो. मी बाईंकडे बघत नव्हतो. मी फक्त धाकट्याकडे बघत होतो.

त्याने सवयीने खिशातली काडेपेटी काढली आणि धूप लावण्यासाठी सरकती काच उघडून हात आत घातला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"धूप नको, भाऊजी. सुतक आहे."

तो तसाच थांबला. घरघर चालू होती. थोड्याच वेळात बाई खोकल्या. साधा खोकला होता, पण त्या माणसाचा सगळा धीर त्या एका खोकल्याने गेला. बटण बंद करून त्याने उडी मारली, मागे धावत आला आणि दारावर दोन्ही मुठी आपटू लागला.

"वहिनी, उघडा! पाया पडतो तुमच्या, बाहेर या!"

"का?" आतून आवाज आला. "गाडीला धूर नाही ना?"

"आहे! धूर आहे वहिनी! दादा... दादा असेच गेले."

आत कडी निघाली. बाई उतरल्या, त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि मला म्हणाल्या, "ऐकलंत ना साहेब?" ऐकणारा मी एकटा नव्हतो. अर्धं देवास गेट ऐकत होतं.

आता पंचांसमक्ष सील तोडायला कुणाची हरकत नव्हती. पुढारी तोवर निघून गेले होते. पेटीत पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर निघाला, लग्नाच्या मांडवात असतो तसा. चाकांशी त्याचा काही संबंध नव्हता. तो आपला पेट्रोल पिऊन बॅटऱ्या भरत होता, आणि भरतही होता व्यवस्थित. म्हणजे गाडीत जनरेटर ठेवून बॅटऱ्या भरता येतात का, तर येतात, त्यात जादू काही नाही. पेट्रोल घालावं लागतं आणि धुराला बाहेर काढणारी नळी लागते. पेट्रोल गाडीखालून भरायची सोय करून त्याने ते लपवलं. नळी लपवता येत नाही, म्हणून त्याने ती कापून बाकाखालीच सोडली होती.

ठाण्यात त्याने सगळं सांगितलं. सुरुवातीला त्याचा आपल्या शोधावर खरोखर विश्वास होता. चाकाचा जनरेटर लावून पाहिला, गाडी थोड्याच अंतरात मान टाकायची. तोवर गावभर बोलबाला झालेला. नामुष्की नको म्हणून तात्पुरती युक्ती केली आणि तात्पुरतीच कायमची झाली. प्रवाशांना वास येतो का हे तपासायला थोरल्याला केबिनमध्ये बसवून तो जनरेटर चालवायचा. त्या दिवशीही दोघे तेच करत होते. काचेतून धाकट्याने विचारलं, "दादा, वास येतोय का?" थोरला म्हणाला, "नाही रे, नुसता धूप." इतक्यात इंदूरची मंडळी पुढच्या दारी आली. धाकटा त्यांना भेटायला गेला. कुणी आत डोकावून गुपित पाहू नये म्हणून थोरल्याने गॅरेजला आतून कडी लावली आणि भावाचं काम पूर्ण करायला पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसला. पाहुणे रेंगाळले. पेट्रोल संपून जनरेटर आपोआप बंद पडला, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

"दार तोडल्यावर मला समजलं," तो म्हणाला. "पण खरं सांगितलं असतं तर गाडी गेली असती. दादा तर गेलेच होते."

हे वाक्य मी त्याच्या जबाबात जसंच्या तसं घेतलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी याहून भयंकर वाक्य लिहून घेतलेलं नाही, आणि खुनी माणसांचे जबाब मी पुष्कळ घेतले आहेत. त्याच्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आणि पुरावा दडवल्याचा गुन्हा दाखल झाला. पुढे शिक्षाही झाली. मर्गात मी मृत्यूचं कारण अपघात असं लिहिलं, विसेराच्या अहवालाने तेच सांगितलं, आणि हेडसाहेबांनी मोहल्ल्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ते मोठ्या आवाजात वाचल्यासारखं ऐकवलं. तसा हुकूम मी दिला नव्हता, पण अडवलंही नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, की गुन्हा घडला की आपण वैरी शोधायला निघतो. कुणाचं भांडण होतं, कुणाचा डोळा होता, हेच पहिलं विचारतो. आणि फसवणूक म्हटलं की फसलेले लोक बाहेर शोधतो. पण खोटं बाहेर जाण्याआधी घरातल्याच माणसावर करून पाहिलं जातं, कारण तो नाही म्हणत नाही. तेव्हापासून मी अशा तपासात आधी हे बघायचो, की या माणसाला नाही न म्हणणारं घरात कोण आहे.

तेराव्याचं आटोपल्यावर बाई मुलीला घेऊन ठाण्यात आल्या होत्या. मुलीला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, जबाबात ह्यांचं शेवटचं बोलणं काय आहे. मी सांगितलं. मग मला राहवलं नाही, थोडा रागही होता, म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही फार मोठा धोका पत्करलात. माझा माणूस लाठी घेऊन काचेपाशी उभा होता म्हणून बरं. तुमच्या दिराने दार ठोठावलं नसतं तर?"

"मला तुमच्या लाठीचं माहीत पण नव्हतं, साहेब," त्या म्हणाल्या. "मला भाऊजींचा भरोसा होता. काही झालं तरी ते मला मरू देणार नाहीत."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दारापाशी थांबल्या.

"ह्यांना पण तोच भरोसा होता."